‘शे’ की ‘छे’

तक्रार पुढे पाठवली ती मीच. सही माझी, शिक्का मंचाचा, आणि सहीच्या वर ‘कडक कारवाई व्हावी’ हे शब्दसुद्धा माझ्याच अक्षरात. त्यामुळे पुढे जे काही झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोय नाही. आणि खरं सांगू? मला ते फोडायचंही नाहीये.

मी सरिता भामरे. मायबोली मंचाची नाशिक शहर अध्यक्ष. तोंडाची फटकळ आहे हे मला माहीत आहे, कुणी नव्याने सांगायला नको. सरकारी कचेऱ्यांमध्ये मराठीतच बोललं पाहिजे असा आदेश निघाला ना, तो काही आभाळातून टपकला नाही. आमच्यासारखे कितीतरी मंच ठिकठिकाणी धरणं धरून बसले, निवेदनं देऊन देऊन हात दुखले. एका बँकेत मॅनेजर मला ‘हिंदी में बोलिए मॅडम’ म्हणाला, तेव्हा मी काउंटरवर अशी पर्स आपटली की आतला चष्मा फुटला. आदेश निघाला त्या दिवशी आम्ही सीबीएस बसस्टँडच्या बाहेर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर साखर ठेवली. माझ्या लग्नातसुद्धा मी इतकी खूश नव्हते, आणि हे मी ह्यांच्या तोंडावर म्हणते.

हे म्हणजे माझे मिस्टर, वाल्मीक भामरे. बागलाण तालुक्यातल्या नामपूरचे. नाशिकमध्ये एका जिल्हा कचेरीत क्लार्क आहेत, हेड क्लार्कच्या बढतीची वाट बघतायत. नामपूरकडे घरात अहिराणी बोलतात. आपण ‘आहे’ म्हणतो तिथे ते ‘शे’ म्हणतात. सासूबाईंचा फोन आला की ह्यांचा आवाज एकदम मोठा होतो, हात हलायला लागतात, माणूस खुर्चीत मावत नाही. फोन ठेवला की पुन्हा आपले सभ्य नाशिककर. मी चिडवायचे, “झालं का तुमचं शे-शे?” ते नुसते हसायचे.

तर आदेशाला थोडे दिवस झाले आणि आमच्या मंचातला आल्हाद धावतपळत माझ्याकडे आला. आल्हाद गंगापूर रोडला राहतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, मंचात नवा आणि भयंकर उत्साही.

“ताई, सापडला!”

“कोण रे?”

“गुजराती! चक्क सरकारी खिडकीवर बसून गुजराती बोलत होता. मी रांगेत मागेच उभा होतो. सारखं छे, छे, छे. समोर आपली एक म्हातारी बाई, बिचारी नऊवारीतली, आणि हा तिच्याशी गुजरातीत!”

त्यानं तक्रार लिहूनच आणली होती. त्यातलं कचेरीचं नाव वाचलं आणि मी उडालेच. ही तर ह्यांचीच कचेरी! म्हणजे रोज हे त्या माणसाच्या शेजारी बसून डबा खातात आणि घरी येऊन मला एका शब्दानं बोलत नाहीत? तक्रारीत नाव नव्हतं, ‘खिडकीवर बसणारे कर्मचारी’ एवढंच होतं. हे तर आतल्या टेबलावर बसतात. मी मनात म्हटलं, थांबा, आता तुम्हालाच चकित करते. आदेशाखालची मंचाची पहिली तक्रार! मी ती कडक शब्दांत पुढे पाठवली आणि घरी येऊन शिरा केला.

आठवड्याभराने हे ऑफिसातून आले, बूट काढले आणि खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. “अध्यक्षीणबाई,” म्हणाले, “तुमची कडक कारवाई आली.”

मी कागद वाचला. पुन्हा वाचला. नोटीस ह्यांच्या नावाची होती.

खिडकीवरचा माणूस रजेवर गेला होता आणि त्याच्या जागी ह्यांना बसवलं होतं. समोर आली होती नामपूरच्याच बाजूची एक म्हातारी. नवरा वारला, त्याच्यामागे मिळणाऱ्या पेन्शनचं काम होतं. बाई सकाळपासून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरून रडकुंडीला आलेली. ह्यांनी तिचं बोलणं ऐकलं आणि म्हणाले, “माय, बस. कसाले घाबरी ऱ्हायनी? तुना कागद बठ्ठा बराबर शेत.” घाबरतेस कशाला, तुझे कागद सगळे बरोबर आहेत, एवढंच. काम झालं, बाई ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. मागे आल्हाद उभा होता, आणि त्याच्या कानात ‘शे’चं ‘छे’ झालं.

“तो आल्हाद आहे ना,” मी म्हटलं, “त्याचे कान धरून उपटते मी.”

“आणि कडक कारवाई कुणी लिहिलं?”

“अहो, मला काय स्वप्न पडलं होतं तुम्ही खिडकीवर बसलाय म्हणून! सांगायचं नाही का घरी?”

“खिडकीवर बसलो म्हणून सांगू? तू साखर वाटली असतीस.” आणि हसायला लागले. मला असा राग आला! पण मग मीही हसले. म्हटलं, चला, चूकभूल झाली, उद्या मिटवून टाकू.

मिटवणं सोपंच होतं. ह्यांचे साहेब भला माणूस. त्यांनी ह्यांना बोलावून सांगितलं होतं, “भामरे, एक ओळ लिहून द्या. अहिराणी ही मराठीचीच बोली असल्यामुळे मी मराठीतच बोललो. सही करा, फाइल बंद. बढतीची यादी लागायची आहे, त्याआधी तुमच्या सर्व्हिस बुकात डाग नको.” हे मला ह्यांनी जेवताना सांगितलं.

“मग केली सही?”

“नाही.”

“पेन नव्हतं का?”

“पेन होतं. सही करायची नाही मला.”

मी पोळी तशीच तव्यावर सोडली. “अहो, बढती आहे! इतकी वर्षं वाट बघताय. एक ओळ तर आहे. आणि खोटं काय आहे त्यात? बोलीच आहे ना ती मराठीची?”

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. ह्यांना चढ्या आवाजात बोलताना मी फारसं पाहिलेलं नाही. त्या दिवशीही आवाज चढला नाही, पण प्रत्येक शब्द सुटा सुटा आला.

“सरिता, मी दुसरीत होतो. मास्तरांनी विचारलं, पाटी कुठे आहे. मी म्हटलं, घर शे. मास्तरांनी छडी मारली. म्हणाले, ही मराठी नाही, मराठीत बोल. मला मराठी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. मी पुन्हा म्हटलं घर शे, पुन्हा छडी. अशी मी मराठी शिकलो. चांगली शिकलो, तुझ्यापेक्षा शुद्ध लिहितो. पण मला एक सांग, तेव्हा ती मराठी नव्हती म्हणून मी मार खाल्ला. आणि आता ती मराठी आहे म्हणून सुटू? लोकांना पाहिजे तेव्हा नाही, लोकांना पाहिजे तेव्हा आहे?”

करपलेल्या पोळीचा वास आला तेव्हा मी उठले.

“मराठीशी माझं भांडण नाही,” ते मागून म्हणाले. “मराठीनं मला नोकरी दिली, तुझ्यासारखी बायको दिली. पण माझी माय जे बोलते त्याला नाव आहे. ते नाव पुसून मला बढती नको.”

खरं सांगते, मी त्या रात्रभर त्यांच्यावर चिडून होते. असा हट्टी माणूस! दुसऱ्या दिवशी चहा ठेवतानाही चिडलेलीच होते. पण चिडता चिडता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बँकेतल्या त्या मॅनेजरला मी काय म्हणाले होते? ‘माझ्या भाषेला तुमच्या सोयीनं वाकवू नका.’ अगदी हेच म्हणाले होते, आणि टाळ्या घेतल्या होत्या. आता तेच वाक्य माझ्याच घरात, माझ्याच ताटावर बसलेला माणूस म्हणत होता, आणि त्याला टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

तेवढ्यात मंचातून बोलावणं आलं. ढुंढिराजकाका म्हणजे मंचाचे संस्थापक, मूळचे त्र्यंबकचे, आम्हा सगळ्यांना वडिलांसारखे. आल्हादही होता, मान खाली घालून. काकांनी मला समोर बसवलं.

“सरिता, वाल्मीकरावांना सही करायला सांग. बाई, विचार कर. उद्या पेपरात आलं, की मराठी मंचाच्या अध्यक्षांचे पतीच म्हणतात माझी भाषा मराठी नाही, तर आपलं काय राहील? आधीच विरोधक टपून बसलेत. म्हणतील, तुमचं घरच एक नाही.”

“आणि नाही केली सही तर?”

काका म्हणाले, “मग तुला अध्यक्षपदाचा विचार करावा लागेल. मला आवडत नाहीये हे म्हणायला.”

मी उठले. आल्हाद म्हणाला, “ताई, मी माझी तक्रार मागे घेतो. चूक माझी आहे, मला ओळखताच आली नाही ती भाषा.” डोळे भरले होते त्याचे. मी म्हटलं, “रडू नकोस रे, तुझ्या कानाचा दोष नाही. तुला कधी कुणी ऐकवलीच नाही.” आणि निघाले. त्याचे कान उपटायचे राहूनच गेले.

ह्यांनी सही दिली नाही म्हणून सुनावणी लागली, ती साहेबांच्या केबिनमध्ये. साहेब, एक टायपिस्ट, आल्हाद, मी आणि हे. ह्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. साहेबांनी तक्रारीवरची माझी सही बघितली, ह्यांचं आडनाव बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

“म्हणजे तक्रार पाठवणारे भामरे आणि ज्यांच्यावर तक्रार आहे तेही भामरे?”

“एकाच कुकरमधला भात खातो साहेब,” मी म्हटलं.

टायपिस्ट हसली. साहेबांनाही बरं वाटलं असावं. आल्हाद उभा राहिला. “सर, माझी चूक झाली. मला ते गुजराती वाटलं. मी तक्रार मागे घेतो.”

“उत्तम!” साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. “मग ताई, ही तक्रार मंचामार्फत आलीय, तेव्हा तुमचीही सही लागेल मागे घेतल्याची. इथे करा. विषय संपला. भामरे, तुम्हालाही काही लिहून द्यायला नको. बढतीच्या यादीला धोका नाही.”

बघा, किती छान सुटलं होतं सगळं. ह्यांनी ती ओळ लिहायची नव्हती, बढती जाणार नव्हती, माझं अध्यक्षपद राहणार होतं. मी पेन हातात घेतलं. खोटं का बोलू, मला मनातून आनंदच झाला होता.

तेवढ्यात हे म्हणाले, “साहेब, एक विचारू?”

“विचारा ना.”

“तक्रार मागे घेतली म्हणजे कागदावर काय राहणार? मी मराठी बोललो असं, की अहिराणी बोललो असं?”

साहेब हसले. “काहीच राहणार नाही भामरे. तेच तर चांगलं आहे.”

“म्हणजे मी काही बोललोच नाही,” हे म्हणाले. अगदी हळू म्हणाले. पुढे काही मागितलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

मी पेन खाली ठेवलं.

“साहेब,” मी म्हटलं, “मी तक्रार मागे घेत नाही.”

आल्हाद “ताई!” म्हणाला. साहेब पुढे वाकले. “अहो, तुमचे मिस्टर आहेत ते!”

“घरी मिस्टर आहेत. इथे ते कर्मचारी आणि मी अध्यक्ष. निदान आज संध्याकाळपर्यंत तरी.”

“पण का?”

“ऐका. हा आदेश यावा म्हणून मी उन्हात बसले आहे, मला माहीत आहे तो कशासाठी आणला. खिडकीपुढे उभ्या असलेल्या आपल्या माणसाला त्याच्या भाषेत उत्तर मिळावं, त्याला आपल्याच घरात परकं वाटू नये, म्हणून आणला. ह्या माणसानं नेमकं तेच केलं आणि आदेश त्याच्यावरच पडला. म्हणजे आदेशात भोक आहे, आणि ते आमच्या हातून राहिलं. आज माझा नवरा म्हणून तक्रार मागे घ्यायची. उद्या सुरगाण्याच्या कचेरीत कुणी आपल्या माणसाशी तिथल्या आदिवासींच्या कोकणीत बोलला तर? त्याची बायको मंचाची अध्यक्ष असेलच असं नाही ना साहेब?”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे मला निर्णय लिहायला लावताय तुम्ही.”

“हो.”

“अहिराणी ही मराठी आहे असं मी लिहिलं तर भामरे निर्दोष.”

“ते मी मान्य करणार नाही,” हे म्हणाले.

“आणि नाही असं लिहिलं तर मला तुम्हाला ताकीद द्यावी लागेल. सर्व्हिस बुकात जाईल. यादीतून नाव गेलं तर मी काही करू शकणार नाही. कळतंय का भामरे?”

“कळतंय. द्या ताकीद.”

हे उभे राहिले. मी त्यांना इतकी वर्षं बघतेय, साहेबांपुढे ते नेहमी जरासे वाकून उभे राहतात. त्या दिवशी ते ताठ होते. साधं सांगायचं तर मला माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटला, आणि तो लपवायची मला काही गरज वाटत नाही.

साहेब मात्र घामाघूम. “अहो, काय करू मी ह्या नवराबायकोचं? अहिराणी बोलला म्हणून ताकीद दिली असा कागद बाहेर गेला, तर सटाणा, मालेगाव, सगळीकडची माणसं येऊन दारात बसतील माझ्या!”

“बसतील,” मी म्हटलं. “नीट बसतील. धरणं कसं धरायचं ते आम्ही शिकवू त्यांना.”

साहेबांनी टेबलावरचा चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग टायपिस्टला सांगायला लागले, “लिहा. श्री. वाल्मीक भामरे यांनी कार्यालयीन वेळेत इतर भाषेत...”

“इतर नाही साहेब,” हे म्हणाले. “तिला नाव आहे. नाव लिहा.”

“भामरे, इतर लिहिलं तर कुणाच्या डोळ्यावर येणार नाही. तुमच्याच भल्याचं सांगतोय.”

“डोळ्यावर येऊ द्या. छडी खाल्ली तेव्हाही कुणी नाव घेतलं नाही तिचं. नुसतं म्हणाले, ही मराठी नाही. मग कोणती, ते कुणी सांगितलं नाही. आज शिक्षा देताय तर नाव घेऊन द्या.”

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग टायपिस्टकडे न बघता म्हणाले, “लिहा. अहिराणी भाषेत.”

“बोली की भाषा, सर?” टायपिस्टनं विचारलं.

मला वाटलं, आता पुन्हा पहिल्यापासून सुरू होतंय. साहेब खिडकीबाहेर बघत होते. बिचारे, त्यांचीही नोकरीच होती.

“भाषा लिहा,” ते म्हणाले. “अहिराणी भाषेत बोलल्याबद्दल ताकीद देण्यात येत आहे. आणि खाली लिहा, सदर आदेशात स्थानिक भाषांचा उल्लेख नसल्याने वरिष्ठांकडून मार्गदर्शन मागवण्यात येत आहे. आता मंत्रालयातल्यांना काय ते ठरवू दे.”

कागद निघाला. साहेबांनी सही केली आणि ह्यांच्या हातात दिला, आणि देताना शेकहँड केला. ताकीद देताना शेकहँड करणारा साहेब मी पहिल्यांदाच बघितला. आल्हादनं ह्यांना विचारलं, “भाऊजी, मी ह्याचा फोटो काढू का?” हे म्हणाले, “काढ. आणि सगळीकडे पाठव. आणि ऐक, ते ‘छे’ नाही, ‘शे’ शे.” आल्हादनं तीनतीनदा म्हणून बघितलं, आणि बरोबर म्हटलं.

जिन्यातच मी ढुंढिराजकाकांना फोन लावला. सांगितलं, सही झाली नाही, ताकीद मिळाली, आणि मंचाच्या पुढच्या बैठकीत मी नवी मागणी मांडणार आहे, आदेशात अहिराणी, कोकणी, वारली ह्यांची नावं घाला म्हणून. अध्यक्षपद काढून घ्यायचं असेल तर बैठकीच्या आधी घ्या, कारण मागणी मी उभ्या उभ्या मांडणारच आहे. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मांड. बघू.” काकांचं ‘बघू’ म्हणजे नकार नसतो, एवढं मला ठाऊक आहे.

खाली येऊन आम्ही टपरीवर चहा घेतला. हे तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. बढती बहुतेक गेलीच, त्याचं वाईट वाटत होतं त्यांना, मला दिसत होतं. शेवटी माणूस आहे. पण मग त्यांनी नामपूरला फोन लावला, सासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर, आणि त्यांचा आवाज मोठा झाला. भर रस्त्यात. टपरीवरचे चारजण वळून बघायला लागले.

“माय, माले ताकीद भेटनी.”

“कसानी रे भो?”

“अहिराणी बोलनू म्हणीसन.”

मला वाटलं, आता म्हातारी घाबरणार. पण सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, “मंग आमले कव्हय देतस? आठे ते बठ्ठा गाव बोलस!”

मग आम्हाला कधी देणार, इथे तर सगळं गाव बोलतं! हे हसता हसता खाली बसले. चहा सांडला. मी त्यांच्या हातातून फोन घेतला.

“आई,” मी म्हटलं, “सगळं गाव घेऊन नाशिकला या. एकदमच द्यायला लावू आपण त्यांना.”